आवाज बसतो तेव्हा गाण्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही प्राथमिक शाळेत शिकवता. नोकरी आणि घर सांभाळून बरीच वर्षं गाणं शिकत आहात. विशारद या गाण्याच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेची तयारी जोरात असतानाच आवाज फाटायला लागला, तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, गेलं की नुसती हवा यायला लागली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतूंवर दोन गाठी. गाणं बंद, बोलणंही कमी. परीक्षेचं सत्र गेलं, त्यात सासूबाईंचं आजारपण. तुम्ही लिहिलंय, ‘तंबोऱ्याची गवसणी (खोळ) काढायला हात धजत नाही. गाणं माझ्या नशिबात नाही, असंच देवाला सांगायचं आहे का? आणि तसं नसेल तर या रिकाम्या महिन्यांचं करू काय?’

मी आयुष्यभर गाणं शिकवत आले आहे आणि हा प्रश्न घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. कोणाचा गळा बसलेला असतो, कोणाच्या घरात लहान बाळ असतं, कोणाची बदली तालुक्याच्या गावी झालेली असते आणि तिथे साथीला तबलजी मिळत नाही. कारणं वेगळी, पण ‘आता संपलं’ ही भावना सगळ्यांची एकच. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी गळ्याबद्दल बोलू. श्रद्धा, चिकाटी हे शब्द दुखऱ्या गळ्यावर लादले की गळ्याचंच नुकसान होतं.

स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक पडदे. पांढरी सहाचा (पेटीची सहावी पांढरी पट्टी सा मानून) मध्य षड्ज लावलात की ते सेकंदाला 220 वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला 440 वेळा. तार षड्ज एक मिनिट धरला तर हा आकडा 26 हजारांच्या पुढे जातो. आणि हे फक्त गाण्याचं झालं. तुम्ही त्याआधी वर्गात पन्नास-साठ मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवून चार-पाच तास बोलून आलेल्या असता. सतत कुदळ धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात, तशाच या गाठी. पडद्यांवर सगळ्यात जास्त मार जिथे बसतो, साधारण त्यांच्या मध्याजवळ, तिथेच त्या येतात आणि बहुधा दोन्ही बाजूंना समोरासमोर. शिक्षक, गायक, फेरीवाले, कीर्तनकार यांना त्या जास्त होतात. म्हणजे तुम्हाला जे झालंय ते तुमच्या गाण्याच्या लायकीबद्दल काहीही सांगत नाही. ते फक्त सांगतं की तुम्ही एकाच गळ्याकडून दोन नोकऱ्या करून घेत होतात.

अशा गाठींना पहिला उपाय बहुतेक वेळा शस्त्रक्रिया नसतो. आवाज वापरण्याची सवय बदलली की त्या पुष्कळांच्या बाबतीत मऊ होतात, लहान होतात, जातातही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे जा, गाणाऱ्यांबरोबर काम केलेला मिळाला तर उत्तम. तो तुम्हाला स्ट्रॉमधून हुंकार काढायला सांगेल, ओठ फुरफुरवत सूर काढायला सांगेल. हे पोरकट वाटलं तरी करा, त्याने पडदे कमी जोराने एकमेकांना भिडतात. कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती असं समजू नका. कुजबुजताना पुष्कळ जण गळा आवळतात आणि ताण उलट वाढतो. सारखं खाकरणंही थांबवा. पाणी भरपूर प्या, पण प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरात ओल टिकली की मग पडद्यांना तिचा फायदा मिळतो. थेट ओलावा हवा तर साध्या पाण्याची वाफ घ्या. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या, मात्र गाठ त्यांनी विरघळेल या भरवशावर राहू नका. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्याची सवय असेल तर ती मोडा, आम्ल वर येऊन स्वरतंतूंना सूज आणतं. आणि शाळेत कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानावरचा माइक वापरायला लागा. मुख्याध्यापकांना तपासणीचा कागद दाखवा. पहिले दोन दिवस मुलं हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांना सवय होईल.

आता गाण्याकडे वळते.

‘संकटं माणसाला घडवतात’ हे वाक्य मला कधीच पूर्ण पटलेलं नाही. संकट आपल्या जागी मुकं असतं. आवाज गेलेले आणि पुन्हा कधीच न गायलेले गवई किती असतील याची गणतीच नाही, त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत एवढंच. ज्यांची आली, त्यांनी त्या काळात नेमकं काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यातलं बरंचसं तुम्हालाही करता येईल.

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (1855–1946) यांची हकिकत त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तरुणपणी एका छोट्या संस्थानात असताना अति गाण्याने त्यांचा आवाज बसला. पुढे तो सुधारला, पण पूर्वीचा गोडवा आणि पल्ला परत आला नाही. त्या वयात, त्या व्यवसायात, हा पोटावरच घाव होता. खाँसाहेबांनी मग गाणं उरलेल्या आवाजाभोवती नव्याने बांधलं. लयीशी घट्ट विणलेला आकार (‘आ’ या उच्चारातलं गाणं), तालाच्या प्रत्येक मात्रेचं भान ठेवत पुढे सरकणारी आलापी, एका स्वरावर नुसतं मिरवत न राहता पेचदार वळणांनी उलगडणारा राग, आणि कमी गायले जाणारे जोडराग, म्हणजे दोन राग मिळून झालेले राग. आवाजाच्या देखणेपणावर विसंबायचं नाही म्हटल्यावर बुद्धीला आणि लयीला पुढे यावंच लागलं. पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयात हे गाणं महाराष्ट्राला मिळालं आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ते आपल्यापर्यंत पोचलं. आज ज्याला आपण त्या घराण्याची श्रीमंती म्हणतो, तिच्या मुळाशी एक बसलेला आवाज आहे.

त्याच घराण्यात हे दुसऱ्यांदा घडलं. मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर पंचविशीच्या आसपास असताना त्यांचा आवाज गेला. आयुर्वेदिक उपचार झाले, पण परत गायला लागेपर्यंत बराच काळ गेला. त्या काळात त्या मनात गात राहिल्या आणि आईकडून घेतलेल्या गाण्याकडे बाहेरून बघू लागल्या. रागाचा भाव म्हणजे काय, स्वराला स्वतःचं असं काही म्हणणं असतं का, या प्रश्नांनी त्यांना पुढे आयुष्यभर सोडलं नाही. त्यांचं नंतरचं गाणं घराण्याच्या चौकटीबाहेर गेलं म्हणून टीकाही झाली. ते धाडस फक्त मौनातूनच आलं असं मी म्हणणार नाही. मोगूबाईंची कडक शिस्त आणि ताईंचा मूळचा तेजस्वी स्वभाव यांचाही त्यात वाटा आहेच. पण सक्तीच्या मौनात माणूस आपल्या गाण्याला पहिल्यांदा श्रोता म्हणून भेटतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्येही पाहिलंय.

कुमार गंधर्वांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती ‘क्षय झाला, एक फुप्फुस निकामी झालं, तरी गायले’ एवढीच. मला त्यातला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. 1924 साली बेळगावजवळ सुळेभावीला जन्मलेला हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. मग मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिक्षण, नाव, मैफली. आणि ऐन तेविशीत क्षय. 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी ते माळव्यात देवासला आले आणि जवळजवळ पाच वर्षं गाता आलं नाही. गायचंच काय, बोलायचीही मुश्कील. पत्नी भानुमतीताईंनी शुश्रूषा केली, घर चालवलं. खाटेवर पडून त्यांच्या कानावर काय पडत होतं? रस्त्याने जाणाऱ्या बायांची लोकगीतं, निर्गुणी भजनं गाणारे फकीर आणि नाथपंथी. ज्या मुलाची सगळी ख्याती ऐकलेलं तसंच्या तसं गळ्यातून काढण्यावर उभी होती, त्याला आता ऐकलेलं गळ्यातून काढताच येत नव्हतं. मग ते ऐकणं आत मुरत गेलं. लोकधुनेत राग कुठे दडलेला असतो, तीन-चार स्वरांत एवढं म्हणणं कसं मावतं, हे त्यांनी तिथे शोधलं. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, प्रकृती सुधारली आणि ते पुन्हा गायला लागले तेव्हा त्या धुनांतून उगवलेले राग सोबत होते: लगनगंधार, सहेली तोडी, मघवा, मालवती. दम पुरत नाही म्हणून स्वरवाक्यं छोटी झाली, मध्ये थांबे आले, अचानक एखादा सूर झळकून जाऊ लागला. त्या थांब्यांमध्येही गाणं असतं, हे महाराष्ट्राने त्यांच्याकडून शिकलं.

या तिघांत मला एक धागा दिसतो. गेलेलं परत मिळवण्यासाठी त्यांनी जोर लावत बसणं थांबवलं आणि उरलं काय याची बारकाईने मोजदाद केली. तुमच्या बाबतीत काय उरलंय? कान शाबूत आहेत. हात आहेत, म्हणजे ताल आणि तंबोरा आहे. स्मरण आहे. शब्द आहेत, आणि तुम्ही शिक्षिका आहात तेव्हा शब्दांशी तुमची ओळख माझ्यापेक्षा जास्तच असेल. गाण्याचा फक्त एक अवयव आजारी आहे. आपण सगळे वर्षानुवर्षं त्या एकाच अवयवाचे लाड करतो, बाकीचे उपाशी राहतात. आता त्यांची पाळी.

गवसणी आजच काढा. तारा उतरलेल्या असतील, पावसाळी हवेने लाकूड हललं असेल. मिरजेच्या कारागिराने भोपळा, लाकूड आणि घोडी जुळवून केलेलं हे वाद्य (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला फार आनंद झाला) तुम्ही इतके दिवस फक्त ‘साथीला’ वापरलंत. आता त्याच्याकडून शिका. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींशी जुळवा, इतक्या की छेडल्यावर दोघींत लाटा उठू नयेत. मग खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार. पंचम शेवटी. खुंटीने जवळ आणायचं, मण्याने नेमकं करायचं. नंतर घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत राहा. एका जागी तार अचानक उघडते, झंकार भरून येतो. तिथे थांबा. डोळे मिटा आणि खर्जाची पितळी तार एकटीच सावकाश छेडा. स्वर विरता विरता त्याच्या वर, बराच उंच, एक गंधार ऐकू येतो. तो कोणी लावलेला नाही, त्याची तार नाही. खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो अंश खर्जाच्या पोटातच असतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तार नीट लागलेली नसेल तर तो दडून राहतो, नीट लागली की आपण होऊन येतो. पहिल्या दिवशी ऐकू आला नाही तरी रोज तंबोरा लावा. आठवडाभरात येईल, आणि एकदा ऐकलात की मग तुम्हाला तो प्रत्येक मैफलीत ऐकू येईल.

दुसरं काम मेरुखंडाचं, म्हणजे स्वरांचे क्रम उलटसुलट लावण्याचं. नाव भारदस्त आहे, काम सोपं आणि चिवट आहे. सा, रे, ग हे तीन स्वर घेतले तर त्यांचे सहा क्रम होतात: सारेग, रेसाग, सागरे, असे. चार स्वरांचे 24. पाच स्वरांचे 120. वहीत लिहा, मग तंबोरा छेडत एकेक क्रम मनात गा. मनात गाताना गळा नकळत आवळला जात असेल तर जीभ सैल सोडा, खांदे पाडा. डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मौनाचे दिवस चालू असतील तर तेवढे दिवस फक्त लिहा. ते दिवस सहसा थोडेच असतात. चार स्वरांच्या त्या 24 क्रमांमध्ये पाच-सहा असे सापडतील की जे तुमच्या तानेत आजवर कधी आलेच नाहीत, कारण गळ्याला ते सोयीचे नव्हते. गळा नेहमी ओळखीच्या पायवाटेने जातो. मन त्याला ओढून दुसरीकडे नेऊ शकतं, पण त्यासाठी गळा जरा गप्प हवा असतो. सुचणं, नवनिर्मिती ज्याला म्हणतात, त्याची सुरुवात माझ्या अनुभवात अशाच रुक्ष वाटणाऱ्या वहीतून झालेली आहे.

तालाचं सांगते. विलंबित एकतालात बडा ख्याल गाताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तुमची धांदल होत असेल, बहुतेकांची होते. बारा मात्रांचा ठेका लावा, हाताने मात्रा मोजा आणि मनात आलाप करत समेवर या. गळा नसल्यामुळे चूक लपवायला जागा नाही. सम चुकली की हात आणि मन एकमेकांकडे बघत उभे राहतात. दोन महिन्यांत या भागात तुम्ही इतक्या पुढे जाल की वर्षभराच्या गळ्याच्या रियाजानेही तितक्या गेल्या नसतात.

आणि लिहा. एखादी आवडती जुनी मैफल घ्या, तिचा फक्त पाच मिनिटांचा तुकडा, आणि त्याचं स्वरलेखन करा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण इथे मला नेहमी होते. कुरुंदवाडला लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी अधू झाली, उपचारासाठी मिरजेला गेले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी बसवली, पाठ्यपुस्तकं छापली. धड न दिसणाऱ्या या माणसाने आपलं गाणं डोळ्यांनी वाचता येईल असं केलं. तुम्ही ज्या विशारदच्या परीक्षेची तयारी करताय, तिचं मूळ त्यांच्याच कामात आहे.

एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर येते. डोंबिवलीत एका खोलीचं घर, पाळण्यात चार महिन्यांचं बाळ, भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेले शेजारी. तोंड उघडून गायची सोयच नव्हती. ती रडकुंडीला येऊन म्हणाली की सहा महिने रियाज नाही म्हणजे आपण मागे पडणार. तिला मी एवढंच सांगितलं की बाळाला मांडीवर घेऊन, ओठ मिटून, मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात जेवढं खाली जाता येईल तेवढं जा आणि तिथे बसून राहा. पहिले काही दिवस मंद्र पंचमाच्या खाली फक्त खरखर होती. तिने ती खरखर बारीक आवाजात रोज तशीच ऐकली, जोर न लावता. तेवढाच वेळ मिळायचा, बाळ झोपेपर्यंतचा. हळूहळू मंद्र मध्यम स्थिर झाला, मग गंधार. बाळ रांगायला लागलं तेव्हा ती माझ्याकडे मालकंस गायला बसली. मंद्र धैवतावर आली आणि तिथे थांबली. तो कोमल धैवत इतका शांत आणि भरीव लागला की वर्गातल्या बाकीच्या मुलींनी पेटीवरची बोटं थांबवली. वरच्या सुरांत गाणाऱ्या, टाळ्या घेणाऱ्या मुली तिच्यापेक्षा पुढे होत्या, आजही असतील. पण तिचं मंद्र सप्तक त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

तिची चिकाटी मला मोठी वाटते ती तिच्या आकारामुळे. बाळ झोपेपर्यंतचा वेळ, बस. चार तासांच्या रियाजाच्या दंतकथा ऐकून आपण स्वतःला कमी लेखतो आणि मग चार तास नाहीत म्हणून पंधरा मिनिटंही बसत नाही. तुमच्या घरी आजारी माणूस आहे. सासूबाईंचं औषधपाणी झाल्यावर रात्री वीस मिनिटं मिळाली तर ती तंबोऱ्याची. नाही मिळाली तर नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसा, भरपाई म्हणून चाळीस मिनिटं करायला जाऊ नका. सासूबाई जाग्या असतील तर त्यांच्या खोलीतच तंबोरा लावा की. आजारी माणसाला षड्ज-पंचमाची सोबत आवडते, हे मी स्वतःच्या घरात अनुभवलंय.

राहिला पहिला प्रश्न. ‘देवाला हेच सांगायचं आहे का?’

मी श्रद्धाळू बाई आहे, तेव्हा हा प्रश्न मी बाजूला सारणार नाही. पण माझा देव गाठी पाठवून निरोप देत नाही. गाठी जास्त बोलण्याने होतात. आजारात देवाचा राग किंवा नकार वाचायला लागलं की माणूस दोन्हीकडून पोळतो. दुखणं तर असतंच, वर अपराधीपण चढतं. माझी श्रद्धा जिथे बसली ती जागा सांगते. आषाढीच्या वारीत आळंदीहून निघालेल्या दिंडीबरोबर मी चालले आहे. पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे चाल, ऊन, धूळ, पाऊस, आणि दिवसभर अभंग. सासवड, जेजुरीपर्यंतच निम्म्या लोकांचे आवाज बसलेले असतात. पुढे चालणारा वारकरी अभंगाचं चरण उचलतो आणि मधेच त्याचा आवाज फाटतो. तो थांबत नाही, शरमत नाही, टाळ वाजवत राहतो. मागच्या रांगेतलं कोणीतरी ते चरण तिथूनच पुढे नेतं. अभंग तुटत नाही. त्याच्या चेहऱ्यावर ‘माझं गाणं गेलं’ असं काही दिसत नाही, कारण ते गाणं त्याने कधी स्वतःचं मानलेलंच नसतं. तो टाळ वाजवतो म्हणजे तो गातोच आहे.

श्रद्धा या शब्दातून मला एवढंच अभिप्रेत आहे. गाणं माझ्या गळ्याच्या आधीपासून आहे, माझ्यानंतरही असणार आहे, आणि माझा गळा बसलाय म्हणून त्यातली माझी जागा कोणी काढून घेतलेली नाही. असं मानणारी बाई गवसणी काढू शकते. गाणं माझं आहे आणि ते मी गमावलं, असं मानणारीला ती काढवत नाही. देव मानत असाल तर त्याच्यावर सोपवा, नसाल तर परंपरेवर सोपवा. दोन्हीकडे काम तेच करायचं आहे.

आणि दुःख होत असेल तर होऊ द्या. परीक्षा हुकल्याचं वाईट वाटणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. मैत्रिणींचे निकाल लागतील त्या दिवशी तंबोऱ्याला हात लावावासा वाटला नाही तर तो दिवस सोडून द्या. शाळेत मुलांवर चिडचिड होत असेल तर तेही घरात कोणाला तरी सांगा. मौनाच्या काळात माणसं सगळ्याच गोष्टींबद्दल मौन धरतात, ते बरं नाही.

आता डॉक्टरांची गायची परवानगी मिळाल्यानंतरचं, कारण खरी घाई तेव्हाच होते. पट्टी आधी उतरवा. पांढरी सहाला गात असाल तर काळी चारला या, जमल्यास काही महिने काळी तीनला. वरच्या पट्टीत गाणारी ती मोठी गायिका, हा समज मनातून काढून टाका. सुरुवात दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटांची, मध्य सप्तकात, ओठ मिटून, मग आकारात. तान नाही. तार गंधार-मध्यम नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलताना आवाज जड वाटला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि कमी करा. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा राहिला तर पुन्हा तपासून घ्या.

रागाची निवड हाही उपचारच आहे. तुम्ही परीक्षेसाठी सोहनी बसवत होतात असं लिहिलंय. सोहनी उत्तरांगातला, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागातला राग, सगळी मजा तार षड्जाच्या आसपास. आता तो नको. त्याऐवजी पूरिया घ्या. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, दोन्ही रागांचे स्वर अगदी तेच. पण पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकात राहतो, गंधार-निषादावर विसावतो, सावकाश बोलतो. एकाच स्वरसमूहाला खालच्या अंगाने गायलं तर संध्याकाळचा गंभीर पूरिया होतो, वरच्या अंगाने गायलं तर उत्तररात्रीचा चंचल सोहनी. तुमचा गळा सध्या वर जात नाही, म्हणजे तो पूरियाच्या प्रदेशात आहे. त्या प्रदेशात नीट राहून बघा. तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून काढून निषादावर लावा, मेरुखंडाच्या वहीत आता नि, कोमल रे, ग, तीव्र म हे चार स्वर घ्या, त्यांचे 24 क्रम लिहा आणि विलंबित एकतालात त्यातल्या एकेका क्रमाने समेवर या. गळ्याची परवानगी यायच्या आधीच हे सुरू करता येईल. परीक्षेचा फॉर्म भरायची घाई करू नका. दुर्बिणीतून पुन्हा पाहून तज्ज्ञांनी होकार दिला की त्यानंतरच्या सत्राचा भरा. केंद्रावर साथीदारांना पट्टी आधी कळवून ठेवा, आणि परीक्षकांनी राग निवडायची मुभा दिली तर पूरियाच मांडा.